नस गेली, दाढ राहिली

नवल वाटलं की माणूस तोंडात बोट घालतो. मी पस्तीस वर्षं रोज बोटं घातली, पण ती दुसऱ्यांच्या तोंडात, आणि नवल वाटायची पाळी बहुतेक वेळा त्यांच्यावर यायची. एक बाई आपला दात काढायला उभी आहे, यावर बालाघाटच्या पुरुषांचा लवकर विश्वास बसत नसे. एक पटवारी माझ्या खुर्चीत बसून "डाक्टर साहब कब आएंगे?" असं तीनदा विचारून चुकले. मी सुई टोचली, हिरडी बधिर होईस्तोवर थांबले आणि चौथ्यांदा विचारायला त्यांनी तोंड उघडलं तेव्हा दाढ काढून त्यांच्या हातावर ठेवली. पुढे त्यांचं सगळं खटलं माझ्याकडेच यायचं.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. माझं भरलं. फार टम्म नाही, पण भरलं.

मी मूळची नागपूरची. दातांचं शिक्षण मुंबईला झालं आणि लग्न होऊन बालाघाटला आले, कारण आमचे हे तिथल्या हायस्कुलात गणित शिकवायचे. तेव्हा नागपूर आमची राजधानी होती. मग राज्यांची उलथापालथ झाली, राजधानी भोपाळला गेली आणि माझं माहेर एका दिवसात परराज्यात जाऊन बसलं. औषधांच्या बाटल्या मात्र नागपूरहूनच यायच्या, त्यांना राज्य बदलल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

दात उपटण्याचा मला कधी अभिमान वाटला नाही. उपटायला जोर लागतो आणि थोडी युक्ती. गावोगावचे लोहारही ते काम करायचे. मला अभिमान आहे तो वाचवलेल्या दातांचा.

दात म्हणजे काही दगड नव्हे. त्याच्या पोटात एक बारीक पोकळी असते, मुळाच्या टोकापर्यंत गेलेली, आणि तिच्यात नस असते. कीड नसेपर्यंत पोचली की माणूस भिंतीवर डोकं आपटून घेतो. अशा वेळी एक तर दात उपटायचा, नाही तर आतली नस काढायची, पोकळी धुऊन कोरडी करायची आणि कायमची बुजवून टाकायची. आज त्याला लहान पोरंही रूट कॅनाल म्हणतात. आमच्याकडे 'नस काढनं' म्हणायचे. माझ्याकडे दात कोरायचं यंत्र होतं ते पायानं चालवायचं, शिवणयंत्रासारखं. नस काढायला केसाएवढी काटेरी तार. एक्स-रे नव्हता. मुळाची लांबी बोटांना कळायची, न कळली तर रोगी ओरडून सांगायचा.

आणि पोकळी स्वच्छ झाली की नाही हे कळायचं नाकाला. आत औषधाचा कापूस ठेवून वरून बंद करायचं, आठवड्यानं उघडायचं आणि तो कापूस हुंगायचा. घाण वास आला तर पुन्हा धुवायचं. नुसता औषधाचा, लवंगेच्या तेलाचा वास आला की भरायला हरकत नाही. हे हुंगायचं काम माझ्या शेवंताचं. शेवंता माझ्यापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठी, गावातल्याच बौद्ध वस्तीत राहायची. हत्यारं उकळणं, रोग्याचं डोकं धरणं, हिंदीवाल्यांशी हिंदीत आणि आपल्यांशी आपल्यात बोलणं, हे सगळं तीच सांभाळायची. माझं नाक तपकिरीच्या व्यसनी वडिलांकडून आलेलं, निकामी. शेवंतानं कापूस नाकाशी नेला आणि मान हलवली की माझी ब्रह्मदेवापुढे अपील करायचीसुद्धा छाती नसे.

या कामाला पाच-सहा खेपा लागायच्या, आणि तिथंच सगळं घोडं पेंड खायचं. पहिल्या खेपेला ठणका थांबतो. दुखणं थांबलं की रोगी थांबतो. "पुन्हा या, पुन्हा या" म्हणून माझ्या दाताच्या कण्या व्हायच्या. लोक हौ हौ म्हणत जायचे आणि सहा महिन्यांनी गाल सुजवून यायचे.

पण एक बाई दुखणं थांबलं म्हणून नव्हे, तर माझ्या एका शब्दामुळे यायची थांबली. तिचीच गोष्ट सांगायची आहे.

भागरताबाई कटंगीच्या पलीकडे दोन कोसांवरच्या एका खेड्यातली. साठीची असावी. नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं बालाघाटला उतरली आणि विचारत विचारत दवाखान्यात आली. गालाला फडकं बांधलेलं, डोळे जागरणानं लाल. तोंडात मोजून सहा दात उरले होते. त्यांतल्या वरखाली एकमेकांना भेटणाऱ्या दाढांची जोडी एकच, आणि त्या जोडीतली खालची किडलेली.

सहा खेपा या म्हातारीला झेपायच्या नाहीत असा विचार करून मी म्हटलं, "आजी, काढून टाकू या. पाच मिनिटांचं काम."

"काढाची असती तं आमच्या गावचा लोहारबी काढून देते," ती म्हणाली. "मले ठेवाची हाय."

"चावायला?"

"नाई व माय. सोनं टाकाचं हाय त्याच्यात."

तिनं पदराची गाठ सोडली. आत चिंधीत गुंडाळलेला सोन्याचा एक मणी होता, ज्वारीच्या दाण्याएवढा. मी शेवंताकडे पाहिलं. सोन्याच्या दाताची हौस असणारे शौकीन मी पाहिले होते. ते सगळे समोरच्या दातावर सोनं मागायचे, हसलं की दिसलं पाहिजे. मागची दाढ मढवून ही म्हातारी कुणाला दाखवणार?

मग तिनं सांगितलं. तिचा नवरा लाकडाची गाडी हाकायचा. लामत्याकडच्या जंगलातून येताना गाडी उलटली आणि तो ओंडक्याखाली सापडला.

"घरी आनला तवा थंडा झाला होता," ती म्हणाली. "मी पोतीतला मनी तोडून त्याच्या तोंडात टाकला. जुन्या बायांनी काढाले लावला. म्हने, जीव असतानी टाकलं तं ते सोनं लागते, मेल्यावर टाकलेलं काई लागत नाई. तसाच गेला तो. कोरड्या तोंडानं."

मरणाऱ्याच्या तोंडात तुळशीपान, गंगेचं पाणी आणि सोन्याचा कण ठेवायची रीत मला माहीत होती. पण त्या रीतीत वेळ चुकण्याची एवढी धास्ती असते हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

"आता माह्याजवळ कोन हाय? एक पोरगी, ते तुमसरले लगन करून देल्ली. मी वावरात पडली, झोपेत गेली, तं कोन टाकन? म्हून आतापासूनच तोंडात असलं पायजे. मंग मरन कवाबी येऊ दे."

यातलं मला काही पटत होतं असं नाही. शेवंताला तर नाहीच. दीक्षा घेतल्यापासून तिच्या घरानं असलं सगळं सोडलं होतं. पण ती हळूच म्हणाली, "बाई, करून द्या न. म्हातारीच्या मनाले ठंडक पडन." म्हणून मी पायाखालचं यंत्र पुढे ओढलं.

आता माझी चूक. दाढेतली नस जिवंत होती, हात लावू देत नव्हती, आणि बधिर करायच्या सुईच्या बाटल्या नेमक्या संपलेल्या. अशा वेळी जुन्या पद्धतीत एक उपाय होता. मोहरीएवढा सोमल दाताच्या खड्ड्यात ठेवायचा आणि वरून घट्ट बंद करायचं. दोन-तीन दिवसांत नस मरते, मग न दुखता काढता येते. सोमल म्हणजे जहरच. नव्या पुस्तकांतून त्याच्याविरुद्ध लिहून यायला लागलं होतं. पण मी शिकले तेव्हा ते शिकवत होते, आणि शिकलेलं सोडायला माणसाला शिकण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मी सोमल ठेवला आणि बजावलं, "आज सोमवार. गुरुवारी यायचंच. काही झालं तरी."

"आता हे औषध काय करन?" तिनं विचारलं.

"नस मारेल. तीन दिवसांत दाढ मरेल. एकदा मेली की पुन्हा कधी दुखायची नाही."

तिचा गालाकडे चाललेला हात मध्येच थांबला.

"मरन?"

"हो, पार मरेल," मी म्हटलं, आणि तेही मोठ्या फुशारकीनं.

टेबलावर ठेवलेला मणी तिनं उचलला, पुन्हा चिंधीत गुंडाळला, पदराला गाठ मारली आणि गेली. पुढच्या खेपेपर्यंत मणी जवळ ठेवावासा वाटला असेल, एवढंच मला वाटलं.

गुरुवारी ती आली नाही. दुपारची गाडी गेली, संध्याकाळचीही गेली. मी दारात येरझारा घालायला लागले. सोमलाचं असं असतं की त्याला कुठं थांबायचं ते कळत नाही. नस संपली की तो मुळाच्या टोकातून पुढे जातो. वरचं बूच जरा ढिलं असलं तर कडेनं झिरपतो. मग हिरडी मरते, तिच्याखालचं हाड सडतं. मी शिकत असताना असा एक जबडा पाहिला होता आणि दोन दिवस जेवले नव्हते.

"रस्ता लांबचा, उद्या येईल," मी स्वतःलाच म्हटलं.

शेवंता हत्यारं पुसत होती. ती मान वर न करता म्हणाली, "नाई यायची ते, बाई."

"काहून?" मीही तिच्यासारखंच विचारून गेले.

"तुमी दाढ मरन म्हनलं न. तिचा मालक मेल्यावर टाकलेलं सोनं लागलं नाई. आता मेलेल्या दाढेत टाकलेलं कसं लागन? तुमी तं तिची जागाच मारून टाकली."

सोमवारीच ही गोष्ट शेवंताला कळली होती का, की आत्ताच सुचली, हे मी विचारलं नाही. मला मात्र चार वर्षांच्या शिक्षणात ती कुणी शिकवली नव्हती.

शुक्रवारी सकाळच्या छोट्या गाडीनं आम्ही दोघी निघालो. हत्यारं उकळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात घेतली. आमचे हे म्हणाले, "रोग्यानं डॉक्टरामागे धावायचं असतं. तुझं गणित उलटं आहे." कटंगीला उतरून बैलगाडी मिळवली. धान कापून झालं होतं आणि बांध्यांतून लाखोळीचं कडधान्य हिरवंगार उगवलं होतं. एरवी मी ते बघत बसले असते.

भागरताबाईच्या अंगणात आधी भेटली तिची शेजारीण तानाबाई. उंच, हाडापेरानं मोठी, कमरेवर हात. मी कोण ते कळताच तिनं मला फैलावर घेतलं.

"तुमीच का दातवाल्या बाई? काहून व, म्हातारीच्या तोंडात जहर टाकून राह्यल्या? चार दिवसांपासून अन्नाले शिवली नाई ते. मी हातानं पेज पाजून राह्यली."

"दुखतंय का तिला?"

"दुखत नाई म्हन्ते. रडून राह्यली नुसती."

भागरताबाई ओसरीवर बाजेवर बसली होती. मला पाहून तिनं पदर तोंडावर ओढला.

"येवढ्या दूर काहून आली व माय तू? आता काय राह्यलं?"

"आजी, तोंड उघडा. ते औषध आत्ता काढायला हवं. नाही काढलं तर जबड्याचं हाड जाईल."

"जाऊ दे."

"असं कसं जाऊ दे?"

"मेलेलं घेऊन फिरून राह्यली मी तोंडात. एकडाव त्याले मेल्यावर टाकलं, दुसऱ्यांदा मले मेल्यात टाकू? नाई. हे सोनं माह्या नशिबातच नाई."

तिनं ओठ गच्च मिटले. आता दात वाचवणं राहिलं बाजूला, मला तिचा जबडा वाचवायचा होता. आणि मिटलेल्या ओठांपुढे माझं एकही हत्यार चालत नव्हतं. मी धाक घातला, समजूत काढली. शेवटी रडकुंडीला आले. तानाबाई मला बाहेरच काढायच्या बेतात होती. तेवढ्यात शेवंता बाजेच्या पायाशी खाली बसली आणि मला म्हणाली, "बाई, नस मेल्यावर दाढ पडून काहून जात नाई, ते सांगा तिले. मले सांगितलं होतं न तुमी एकडाव, तसं."

मी श्वास घेतला आणि सांगितलं. दाढेला दोन आधार असतात. एक आतली नस. दुसरा आधार बाहेरून असतो, हिरडीच्या आत. मुळाला चारी बाजूंनी बारीक बारीक तंतू धरून असतात, आणि त्यांच्यात रक्त वाहतं. आतली नस गेली तरी ते दाढेला सोडत नाहीत. त्यांच्या जोरावर ती उभी राहते, चावते, गरम-थंड सोसते. जिवंत माणसाच्या तोंडात जिवंतच असते ती. "मी दाढ मरेल म्हटलं ते चुकलं, आजी. नस मरते. दाढ मरत नाही. मला नीट बोलता आलं नाही, माझी चूक झाली."

भागरताबाईनं हळूहळू पदर खाली केला.

"म्हन्जे आतलं जाते?"

"हो."

"आन् बाहेरचे धरून ठेवतात?"

"हो."

ती तानाबाईकडे पाहायला लागली. बराच वेळ पाहत राहिली.

"म्हन्जे माह्यासारखंच झालं हे," ती म्हणाली. "मालक गेला तवा आतलं सारं गेलतं माहं. हे ताना सहा महिने माह्याजवळ झोपे. हातानं चारे. हिनं धरली म्हून उभी हाव मी. मी का मेली हाव का व, ताना?"

"चूप बस, बयताड," तानाबाई म्हणाली आणि तोंड फिरवून डोळे पुसायला लागली. मग एकदम ओरडली, "आता उघड न तोंड! ते पोरगी कवाची उभी हाय!"

आणि भागरताबाईनं तोंड उघडलं. पस्तीस वर्षांत हजारो तोंडं माझ्यासमोर उघडली, पण इतका आनंद मला दुसऱ्या कोणत्याच तोंडानं दिला नाही.

बाज उन्हात ओढली. शेवंतानं डोकं मांडीवर घेतलं, तानाबाईनं उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या धरला. मी बूच काढलं, सोमलाचा कण न कण खरवडून काढला, पाण्याच्या पिचकारीनं खड्डा पुन्हा पुन्हा धुतला. दाढेच्या आतल्या कडेला हिरडीवर एक पांढुरका ठिपका पडला होता, तांदळाच्या कणीएवढा. आणखी दोन-चार दिवस गेले असते तर काय झालं असतं ते मला आजही सांगवत नाही. हिरडी कडेनं लाल होती, रक्त येत होतं. रक्त पाहून मला हायसं वाटलं, कारण मेलेल्या हिरडीतून रक्त येत नाही. काम संपल्यावर तानाबाईनं तोच तांब्या माझ्यापुढे केला आणि म्हणाली, "पानी पेऊन घे, माय."

त्या दिवसापासून मी सोमलाला हात लावला नाही. उरलेली डबी मी परसात खोल पुरली. आणि 'दात मेला' हे शब्दही मी सोडले. पुढे आयुष्यभर रोग्यांना म्हणत आले, "नस काढली, दात राखला."

त्यानंतर भागरताबाई न चुकता आली. कटंगीच्या बाजाराला दांडी मारायची, पण माझ्याकडे यायची. बहुतेक वेळा तानाबाई सोबत असायची आणि मी काय करते यावर ठाणेदारासारखी नजर ठेवायची. दोन मुळांतल्या नसा निघाल्या. कापूस बदलला. पहिल्यांदा शेवंतानं नाक मुरडलं. दुसऱ्यांदा मुरडलं, पण कमी. चौथ्या खेपेला तिनं कापूस नाकाशी धरला, डोळे मिटले, आणि म्हणाली, "आता निस्ती लवंग हाय, बाई." भागरताबाईनंही तो कापूस मागून घेऊन हुंगला आणि तानाबाईला हुंगवला. कुणाच्या घरी पोर झालं असावं असे आमचे चौघींचे चेहरे झाले होते.

मग सोनं. माझ्या कपाटात शुद्ध सोन्याच्या वर्खाची एक चिमुकली पुस्तिका होती. कॉलेजात शिकताना वडिलांनी घेऊन दिलेली. तिच्यातली सात पानं उरली होती. ती मी कुठल्यातरी नामी कामासाठी जपून ठेवली होती. पण भागरताबाईला दुसरं सोनं नको होतं. मग आमच्या सोनाराकडून तो मणी ठोकून मसुराच्या डाळीएवढी टिकली करून घेतली आणि दाढेच्या माथ्यावर पक्की बसवली. तिनं जिभेनं चाचपून पाहिलं. "गार लागते," म्हणाली. आणि लहान मुलीसारखी हसली.

गोष्ट इथं संपली असती तर तीही मला पुरली असती. पण तीन वर्षांनी ती पुन्हा आली. एकटीच. तोंड उघडलं आणि माझं टाळकं फिरलं. दाढेवर सोनं नव्हतं. माथ्यावर खड्डा, कडा चाकूनं खरवडलेल्या. माझं एवढं देखणं काम कुणीतरी नारळासारखं फोडलं होतं.

"हे कुणी केलं?" मी जवळजवळ किंचाळले.

"मीच."

"चाकूनं? वेड लागलं होतं का तुम्हाला? त्या एका टिकलीसाठी आम्ही दोघी..."

"ताना गेली," ती म्हणाली.

मी हातातला आरसा खाली ठेवला.

"ताप आलता. दोन दिवसांत आटपली. तिचा पोरगा कामाले बाहेरगावी, सून बारा दिसाच्या पोराले घेऊन बसली, तिले काय समजते? तिची नथ गहान, सोनं कुठून आनन ते? तानाच्या अंगावर फुटका मनीबी नव्हता. श्वास लागलता तिले. म्या चुलीजवळचा चाकू घेतला, आरशात पाह्यलं आन् काढलं. धुतलं आन् जीव असतानी टाकलं तिच्या तोंडात." ती थांबली. "लागलं, बाई. येळेवर लागलं. तिनं डोरे उघडून पाह्यलं माह्याकडं."

शेवंता भिंतीकडे तोंड करून उभी होती. दीक्षा घेतलेली शेवंता, जिचा असल्या सोन्यावर काडीचा विश्वास नव्हता, ती हुंदके देऊन रडत होती. मीही रडले. रडताना मला आपल्या किंचाळण्याची इतकी लाज वाटली की आज हे लिहितानाही ती गेलेली नाही.

मी उठून कपाट उघडलं आणि वर्खाची पुस्तिका काढली. याहून नामी काम कुठलं येणार होतं? "आजी, हे माझं सोनं आहे. शुद्ध. मी भरते तुमच्या दाढेत."

तिनं पानांवरून बोट फिरवलं आणि पुस्तिका मिटून माझ्या हातात दिली.

"नको व माय. आता गरज नाई."

"पण तुमच्या वेळेला?"

"तानाची सून हाय न. तिनं सारं पाह्यलं. मले म्हने, 'मावशी, तुमच्या तोंडात मी टाकीन, माह्या नथीतलं, सोडवून आनली आता.' ते रोज येते सकाळी पाह्याले, मी उठली का नाई म्हून." ती हसली. "आता मले भेव नाई. मले जेवाले दाढ करून दे."

"आधी जेवत नव्हतात का तिनं?"

"छे! सोनं झिजन म्हून तीन वर्सं चावलंच नाई त्या बाजूनं. भाकर दुधात कुस्करून गिळली. मराची दाढ होती न ते."

मी कपाळावर हात मारला. सहा खेपा, बैलगाडी, सोमल, लवंग, आणि सगळ्या तोंडात भेटणाऱ्या दाढांची ती एकुलती एक जोडी तीन वर्षं बेकार बसून होती!

मग मी तिला पारा-चांदीचा साधा मसाला भरून दिला. जगात सगळीकडे चावायला भरतात तोच. एक दिवस काही खायचं नाही, मग काय वाटेल ते खा, असं सांगितलं. ती रात्री गावातल्या नातेवाइकांकडे राहिली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गाडीच्या आधी, पुन्हा दवाखान्यात आली. पदरात कागदाची पुडी होती. स्टेशनाजवळून आणलेले गरम फुटाणे.

"तुमच्यासमोर खातो," ती म्हणाली. "मोडली तं तुमच्याच माथी."

ती बाहेरच्या बाकावर बसली. खुर्चीत एक रोगी तोंड वासून पडला होता आणि माझा पाय यंत्रावर होता. मी पाय थांबवला. शेवंतानंही चिमटे खाली ठेवले. बाहेरून पहिला फुटाणा फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग ती सावकाश, एका लयीत, त्या एकाच बाजूनं खात राहिली.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, ही म्हण मी रोग्यांना शंभर वेळा ऐकवली असेल. त्या दुपारी माझ्या दारात दोन्ही होतं, आणि पुडी संपेपर्यंत आम्ही कामाला हात लावला नाही.